परदेशी मदतीच्या पैशाने अमली पदार्थांची वाहतूक खरंच थांबते का? (आणि एका शब्दाची अडचण)

कागदी_होडी

मी भाषांतरं करून पोट भरते. हाती येणारा बहुतेक मजकूर कंटाळवाणा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सध्या जे काम आलंय त्याने डोक्याचा भुगा केलाय. एका श्रीमंत देशाने दुसऱ्या देशांच्या पोलिसांना, न्यायालयांना आणि सीमाशुल्क खात्यांना तस्करी रोखण्यासाठी जी मदत दिली, तिचा हा मूल्यमापन अहवाल आहे. कोणाचा ते सांगता येणार नाही, तसा करार आहे.

दीडशे पानांत मला एकच क्रियापद भेटलंय: 'प्रशिक्षित करण्यात आले'. पोलीस प्रशिक्षित करण्यात आले, सरकारी वकील प्रशिक्षित करण्यात आले, कुत्रेसुद्धा. चौसष्टाव्या पानावर एक तक्ता आहे. किती माणसं शिकवली, किती गाड्या दिल्या, किती रेडिओ संच दिले, सगळे आकडे व्यवस्थित. शेवटच्या रकान्याचा मथळा 'परिणाम', आणि खाली लिहिलंय, 'प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले'. हे भाषांतर करताना मला स्वतःचीच लाज वाटली.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पैसे जातात कसे, आणि त्यांनी कुठे काही थांबलं का? अहवालातला देश गुप्त असला तरी अमेरिकेची उदाहरणं द्या, सगळ्यात मोठा पसारा तिचाच आहे.

दुसरं, 'इंटरडिक्शन' (तस्करीचा माल मुक्कामी पोचण्याआधी अडवणं) या शब्दाला मराठीत काय म्हणावं? मी सध्या 'अवरोधन' लिहिलंय. वाचून बरं वाटत नाही.

---

जमाखर्च

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, शब्द दुसऱ्यांनी बघावा.

सर्वात आधी डोक्यातून 'पैसे पाठवले' हे काढून टाका. रोख रक्कम फार क्वचित जाते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात यासाठी वेगळा विभाग आहे. १९७८ साली तो निघाला तेव्हा फक्त अमली पदार्थांसाठी होता. १९९५ मध्ये त्याच्या नावात कायदा-अंमलबजावणीही आली. खात्यातले लोक त्याला गमतीने 'ड्रग्ज अँड थग्ज' म्हणतात. हा विभाग कंत्राटं देतो, वस्तू घेतो, शिकवणारी माणसं पाठवतो. म्हणजे मदत घेणाऱ्या देशाच्या खात्यात डॉलर पडण्याआधी त्यातले बरेचसे अमेरिकेतच खर्च होऊन गेलेले असतात.

प्लॅन कोलंबिया घ्या, म्हणजे अमली पदार्थांविरुद्ध कोलंबियाला दिलेली अमेरिकी मदत. २००० साली क्लिंटन यांनी १.३ अब्ज डॉलर्सच्या विधेयकावर सही केली. त्यातला मोठा वाटा लष्कर आणि पोलिसांचा होता, आणि त्यातही सगळ्यात मोठी बाब हेलिकॉप्टरची. ब्लॅक हॉक द्यायची की ह्युई, यावर अमेरिकी संसदेत जोरदार खडाजंगी झाली. ब्लॅक हॉक कनेटिकटमध्ये बनतात आणि ह्युई टेक्सासच्या कंपनीची, एवढं सांगितलं की कोण कुठल्या बाजूने बोलत होतं ते तुमचं तुम्हाला कळेल. शेवटी दोन्ही दिली.

आता दोरी कुठे असते ते बघा. १९८६ पासून अमेरिकेच्या अध्यक्षांना दरवर्षी यादी करावी लागते की कोणत्या देशांत माल पिकतो किंवा कोणत्या देशांतून जातो. त्यातल्या ज्यांनी 'पुरेसे प्रयत्न केले नाहीत' असं ठरतं, त्यांची मदत कापता येते. १९९६ आणि १९९७ ला कोलंबिया नापास झाला. अध्यक्ष साम्पेर यांच्या प्रचाराला काली कार्टेल या कोकेनच्या टोळीचा पैसा मिळाल्याचा आरोप होता, अमेरिकेने त्यांचा व्हिसासुद्धा रद्द केला. पोलिसांना मिळणारी मदत मात्र बंद झाली नाही. २०२५ च्या यादीत २३ देश होते. त्यात कोलंबिया पुन्हा नापास, पण 'राष्ट्रहितासाठी' सूट देऊन मदत चालू ठेवण्याची तजवीजही त्याच कागदावर. नापास करून वरच्या वर्गात ढकललेला विद्यार्थी म्हणा.

त्या २३ मध्ये भारतही आहे, आणि कितीतरी वर्षांपासून आहे. दरवर्षी कोणीतरी 'भारताला काळ्या यादीत टाकलं' म्हणून बातमी देतं. ती काळी यादी नाही. यादीत नाव येण्याला भूगोल आणि व्यापार कारणीभूत असतो, प्रयत्नांचा निकाल वेगळा लागतो.

---

खसखस

माझा विषय शेती. त्यामुळे पोलिसांचं सोडून बोंडांचं सांगतो.

या विषयावरच्या चर्चेत लोक थेट कोलंबियाला जातात. मी तुर्कस्तानपासून सुरू करतो, कारण तिथे एक गोष्ट चक्क जमली आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. निक्सन यांच्या काळात अमेरिकेला वाटत होतं की तिथलं बहुतेक हेरॉइन तुर्की अफूतून येतं. १९७१ मध्ये तुर्की सरकारने खसखशीची लागवड बंद करायचं जाहीर केलं, बदल्यात अमेरिकेने साडेतीन कोटी डॉलर्सच्या आसपास द्यायचं कबूल केलं. शेतकरी चिडले. खसखस म्हणजे त्यांना फक्त अफू नव्हती. तेल होतं, पेंड होती, जळण होतं. १९७४ मध्ये पंतप्रधान एजेव्हित यांच्या सरकारने बंदी उठवली आणि वॉशिंग्टनचा तिळपापड झाला.

पण पुढे जे झालं ते महत्त्वाचं. बोंडाला चिरा पाडायलाच मनाई केली. अफूचा चीक काढायचाच नाही, बोंड वाळू द्यायचं आणि सरकारला अख्खं विकायचं. १९८१ मध्ये बोल्वादिनला कारखाना सुरू झाला, तिथे वाळक्या बोंडांपासून औषधी मॉर्फिन काढतात. त्याच वर्षी अमेरिकेने नियम केला की आपल्या औषध कंपन्यांनी या कच्च्या मालाचा ८० टक्के भाग भारत आणि तुर्कस्तानकडूनच घ्यावा. म्हणजे शेतकऱ्याला बंदी नव्हे तर गिऱ्हाईक मिळालं. माझ्या मते साडेतीन कोटींच्या आश्वासनापेक्षा या एका नियमाने जास्त काम केलं. (त्या मधल्या काळात अमेरिकेच्या बाजारात मेक्सिकोचं तपकिरी हेरॉइन येऊन बसलं होतं, तो भाग वेगळा.)

आता याच्या उलटं, हेलमंड. अफगाणिस्तानच्या या प्रांतातले मोठे कालवे विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकी कंपनीने आणि पुढे अमेरिकी मदतीने बांधले. २००८ नंतर त्याच कालव्यांच्या काठी खसखस हटवून गहू आणायची मोहीम झाली. बियाणं दिलं, खत दिलं, उभं पीक नांगरलं. कालव्याकाठचं क्षेत्र खरोखर घटलं, अहवालात शाबासकी मिळाली.

पण गव्हाला माणसं किती लागतात? खसखशीला दुपारनंतर एकेका बोंडाला चिरा द्यायचा, रात्रभर चीक बाहेर येऊन घट्ट होतो, सकाळी तो खरवडून घ्यायचा, आणि दोन-चार दिवसांनी त्याच बोंडाला पुन्हा चिरा. हे सगळं हाताने. म्हणून मालक वाटेकरी कुळांना जमीन आणि राहायला जागा देत होते. गहू आला तसा कुळांचा उपयोग संपला. ती माणसं बोघ्रा कालव्याच्या उत्तरेला, ओसाड रेताडात गेली, खोल बोअर मारले, आणि तिथे कोण गहू लावणार? पुढे डिझेलच्या जागी सौर पंप आले. उपग्रहाच्या चित्रात त्या वाळवंटातले निळे चौकोन मोजता येतात.

अफगाणिस्तानात २००२ ते २०१७ या काळात अमेरिकेने एकट्या अमली पदार्थविरोधी कामावर साडेआठ अब्ज डॉलर्सहून जास्त खर्च केले. २०१७ मध्ये खसखशीचं क्षेत्र ३ लाख २८ हजार हेक्टर होतं, म्हणजे तोवरचा उच्चांक. मग एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने बंदी घातली आणि २०२३ ला क्षेत्र ११ हजार हेक्टरच्या आत आलं. एका डॉलरची मदत न घेता. ते कौतुक म्हणून सांगत नाहीये, शेतकऱ्याच्या ताटातलं काढून घेतलं एवढंच झालं. आणि त्याच वर्षी अफूच्या उत्पादनात म्यानमार पहिल्या क्रमांकावर गेला.

कोलंबियाचं एकच. विमानातून ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचे, तर कोका (ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं ते झुडूप) लावणारे शेतकरी पानांवर आधीच गुळाचं पाणी मारून ठेवत, औषध पानाला चिकटू नये म्हणून. काही जण फवारणी झाल्या झाल्या झुडूप बुंध्याशी छाटत, ते पुन्हा फुटत असे. २०१५ मध्ये कोलंबियाने फवारणी बंद केली. तोवर वाऱ्याने सीमेपलीकडे गेलेल्या औषधाबद्दल इक्वेडोर आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि २०१३ मध्ये दीड कोटी डॉलर्सवर तडजोड झाली होती.

---

तांडेल

होडीताई, 'अवरोधन' आधी काढा. मला वाचून लघवीचा विकार आठवला. आम्ही जहाजावर सरळ 'वाटेत पकडणं' म्हणतो.

बावीस वर्षं कंटेनर जहाजांवर काढली, शेवटची नऊ चीफ ऑफिसर म्हणून. आता जमिनीवर आहे. वरच्या दोघांनी शेत आणि संसद सांगितली, मी मधला रस्ता सांगतो. लांबण लागेल.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक बंदर, नाव घेत नाही. केळ्यांचे थंड कंटेनर भरून युरोपला जायचे. बंदर सोडण्याआधी पाणबुडे येतात. जहाजाच्या पोटाला, पाण्याखाली, इंजिनसाठी समुद्राचं पाणी आत घेणारी खोबण असते, तिच्यावर जाळी. तिला आम्ही सी चेस्ट म्हणतो. त्या जाळीचे बोल्ट काढून आत माल बांधायचा आणि पलीकडच्या बंदरात दुसऱ्या पाणबुड्याने काढून घ्यायचा, हा जुना खेळ. म्हणून तपासणी. पहाटे साडेतीनला मी शिडीपाशी बॅटरी घेऊन उभा, खाली काळं पाणी, बुडबुडे दिसतात आणि मग नाहीसे होतात. माणूस वर आला, अंगठा दाखवला. फॉर्मवर सही त्याची आणि माझी. त्याने खाली काय पाहिलं ते फक्त त्यालाच माहीत.

कंटेनरचा खेळ आणखी सोपा. माल व्यापाऱ्याचा, प्रामाणिक. त्याला पत्ताच नसतो. रात्री यार्डात सील कापतात, दाराच्या आत लगेच हाताला येतील अशा कोकेन भरलेल्या दोन-चार पिशव्या टाकतात आणि नवं सील ठोकतात. एकदा मी चढलेल्या कंटेनरांची सीलं यादीशी ताडून बघत होतो. नंबर तंतोतंत जुळत होता. तरी काहीतरी खटकलं, आकड्यांवरची चकाकी वेगळी होती. नखाने खरवडलं तर आकडा सुटून नखाखाली आला. कळवलं. कंटेनर उतरवला, उघडला. काळ्या पिशव्या. आणि एका पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आणखी एक सील, त्यावर तोच नंबर. पलीकडे पिशव्या काढून घेतल्यावर दार पुन्हा बंद करायला. इतकी तयारी! मला आतल्या कोकेनच्या विटांपेक्षा त्या सुट्या सीलची जास्त भीती वाटली. कारण तो नंबर कागदावरून बाहेर देणारा माणूस ऑफिसात बसलेला असणार होता.

आता मदतीचं. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ कार्यालय आणि जागतिक सीमाशुल्क संघटना यांनी कंटेनर तपासणीचा कार्यक्रम काढला. इक्वेडोर, सेनेगल, घाना, पाकिस्तान अशा देशांतून सुरुवात. देणगीदारांचे पैसे, अमेरिकेचेही. कल्पना चांगली आहे, उपरोधाने म्हणत नाही. पोलीस आणि कस्टम यांना एका खोलीत बसवायचं, कागद वाचायला शिकवायचं. कोण पाठवतंय, त्याने आधी कधी केळी पाठवली होती का, पैसे कोण भरतंय. जगातले दोन टक्केच कंटेनर प्रत्यक्ष तपासले जातात असं म्हणतात, तेव्हा कुठला उघडायचा हे कळणं हीच खरी विद्या. ती शिकवता येते.

एका बंदरातल्या अशाच पथकातला एक तरुण जहाजावर यायचा. हुशार. त्याने मला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मोबाइलवर दाखवलं होतं, परदेशात तीन आठवडे राहून आला होता. पुढच्या फेरीला गेलो तर तो कॉफीला बसला आणि म्हणाला की बदली मागितली आहे. त्याला एक फोन आला होता. धमकी नाही, शिवी नाही. पलीकडच्या माणसाने फक्त त्याच्या मुलीची शाळा किती वाजता सुटते ते सांगितलं आणि ठेवून दिला. ताई, तुमच्या चौसष्टाव्या पानावरच्या तक्त्यात हा मुलगा 'प्रशिक्षित' मध्ये मोजलेला असणार. बदलीनंतर तो आकडा कमी कोण करतं?

आणि हे खालच्या पातळीवरचं झालं. वर काय? मेक्सिकोचे सुरक्षामंत्री खेनारो गार्सिया लुना. २००६ ते २०१२ ते मंत्री होते. २००८ पासून तस्करीविरोधी मेरिडा योजनेतून अमेरिकेची मदत मेक्सिकोत जात होती तेव्हा, अमेरिकी अधिकारी ज्यांच्याबरोबर बसून आखणी करत ते हे गृहस्थ. २०१९ मध्ये डॅलसला अटक, २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात दोषी. सिनालोआ कार्टेलकडून पैसे घेतल्याबद्दल. २०२४ मध्ये ३८ वर्षांची शिक्षा.

अँटवर्पला २०२३ मध्ये ११६ टन कोकेन पकडलं, २०२४ मध्ये ४४ टन. आकडा उतरला म्हणून पेढे वाटायचे की माल दुसऱ्या बंदरांतून जायला लागला म्हणायचं? आमच्यातले जहाजावरचे सगळे म्हणतात, माल दुसरीकडून जातोय.

---

जमाखर्च

तांडेल, सील वाचून काटा आला अंगावर.

पण सगळं पाण्यात गेलं असं चित्र होऊ नये म्हणून एक उलटी नोंद. कोलंबियात २००० साली साडेतीन हजारांहून जास्त अपहरणं झाली होती. दहा वर्षांत ती शेकड्यांवर आली. मोठ्या रस्त्यांनी लोक पुन्हा प्रवास करू लागले. २०१६ मध्ये फार्क या बंडखोर संघटनेशी शांतता करार झाला. त्यात हेलिकॉप्टरांचा वाटा नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणजे कोका हटवायला दिलेल्या मदतीने राज्यसंस्था टिकली आणि कोका राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीत २०१३ ला ४८ हजार हेक्टर होता, २०२३ ला २ लाख ५३ हजार.

आणि तीच नोंद पूर्ण करायची तर डावी बाजूही लिहावी लागते. लष्कराला दबाव होता 'किती मारले' ते दाखवण्याचा. तर २००२ ते २००८ या काळात किमान ६,४०२ सामान्य माणसांना मारून लढाईत मेलेले बंडखोर म्हणून दाखवलं गेलं, असं कोलंबियाच्याच विशेष शांतता न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. कामाच्या आमिषाने नेलेली पोरं होती त्यात. ज्या तुकडीने मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन केलं तिला मदत द्यायची नाही, असा सिनेटर लेही यांच्या नावाचा अमेरिकी कायदा १९९७ पासून होता. कायदा तुकडी तपासतो. मारलेल्यांचा आकडा वाढला की बढती आणि रजा, ही पद्धत कोण तपासणार?

तक्त्यात आकडा मागितला की आकडा मिळतोच, होडीताई. कुत्र्यांचा असो की प्रेतांचा.

---

खसखस

माझ्या आधीच्या प्रतिसादात एक राहिलं. कोलंबियात करारानंतर जी कोका-बदल योजना आली तिच्यात ९० हजारांवर कुटुंबांनी सह्या केल्या. बऱ्याच जणांनी झुडपं स्वतः उपटली. पैसे आले, तेही उशिरा. पण नवं पीक बाजारात न्यायला रस्ता कुठे होता? कोक्याचा व्यापारी दारात येऊन रोख देतो. अननस होडीतून दोन दिवस न्यायचा तर धक्क्यावर पोचेपर्यंत निम्मा सडतो. यावर हेलिकॉप्टर हा उपाय नाही.

---

कागदी_होडी

सगळ्यांचे आभार. 'अवरोधन' काढलं. 'वाटेत पकडणे' घातलं, संपादकाने 'फार बोली वाटते' असा शेरा मारून परत पाठवलं. मी पुन्हा तेच ठेवलंय.

चौसष्टाव्या पानाचं भाषांतर मात्र जसंच्या तसंच करावं लागलं. पण अहवालासोबत भाषांतरकाराच्या शंकांचा एक कागद जोडता येतो. त्यात मी लिहिलं: 'प्रशिक्षितांपैकी सहा महिन्यांनंतर त्याच पदावर किती, हा आकडा मूळ तक्त्यात आढळला नाही. छपाईत गळला आहे का?'

तांडेल, त्या तरुणाची बदली झाली का पुढे?

---

तांडेल

झाली. विमानतळावर, प्रवाशांच्या बॅगा बघायला. पुढच्या फेरीला त्याच्या खुर्चीवर नवा मुलगा होता. त्यालाही तीन आठवड्यांसाठी पाठवणार होते.